कोरड्या हवामानातील बाग : पाऊस किती पडतो याच्या आधी तो कधी पडतो ते पाहावे

कोरडवाहू

कमी पाण्यावर जगणाऱ्या झाडांची यादी मागितली की उत्तरात कोरफड, घायपात, कण्हेर, बोगनवेल, लॅव्हेंडर, रोझमेरी अशी नावे एका दमात सांगितली जातात. ही सगळी झाडे कमी पाण्यावर जगतात हे खरे आहे, पण ती एकाच वाफ्यात, एकाच मातीत आणि एकाच प्रकारच्या पावसात नांदतील असे मात्र नाही. म्हणून यादीकडे वळण्याआधी एका मुद्द्यावर सविस्तर लिहितो. माझ्या मते बहुतेक कोरड्या बागा याच मुद्द्यावर तरतात किंवा फसतात.

कोरडी हवामाने ढोबळमानाने दोन तऱ्हेची असतात. पहिल्या तऱ्हेत पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा पूर्ण कोरडा जातो. भूमध्य समुद्राभोवतीचा प्रदेश, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचे नैऋत्य टोक आणि ऑस्ट्रेलियाचा दक्षिण व नैऋत्य भाग हे पाच प्रदेश या तऱ्हेचे आहेत. तिथली झाडे थंडीच्या ओलीत वाढतात आणि उन्हाळ्यात जवळजवळ झोपी जातात. दुसऱ्या तऱ्हेत पाऊस उन्हाळ्याच्या उष्णतेतच येतो, जसा तो थारच्या वाळवंटात किंवा आफ्रिकेतील साहेल पट्ट्यात येतो. तिथली झाडे पावसाबरोबर पालवतात आणि पुढच्या कोरड्या महिन्यांत पाने गाळून तग धरतात. अमेरिका-मेक्सिको सीमेवरील सोनोरन वाळवंटाच्या मोठ्या भागात तर हिवाळी आणि उन्हाळी असे दोन्ही पाऊस होतात, आणि तिथे झाडांचे एवढे वैविध्य दिसते त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

बागेच्या दृष्टीने याचा परिणाम थेट होतो. कॅलिफोर्नियातील सिअ‍ॅनोथससारखे झुडूप अवर्षण सहज सोसते, पण उन्हाळ्यात त्याच्या मुळाशी सतत ओल राहिली तर गरम ओल्या मातीत फायटोफ्थोरासारखी बुरशीसदृश रोगकारके बळावतात आणि मुळे कुजून झाड मरते. म्हणजे पाणी कमी पडले म्हणून नव्हे, तर चुकीच्या ऋतूत मिळाले म्हणून ते दगावते. लॅव्हेंडर उष्ण पावसाळ्यात का टिकत नाही, याचेही उत्तर बहुतांशी इथेच सापडते.

म्हणून ‘रुळलेले झाड’ म्हणताना मी फक्त कोरडेपणा सोसणारे झाड असा अर्थ घेत नाही. आपल्याकडे ज्या ऋतूत पाऊस पडतो त्याच ऋतूत पाऊस पडणाऱ्या, साधारण तशीच थंडी आणि तशीच माती असलेल्या दुसऱ्या प्रदेशातून आलेले आणि इथे आपणहून रान न माजवणारे झाड, एवढ्या सगळ्या अटी मला त्यात अपेक्षित असतात. बागेचा सांगाडा, म्हणजे सावली देणारे वृक्ष आणि मोठी झुडपे, स्थानिक जातींचा असावा आणि रुळलेली झाडे घराजवळच्या मोजक्या जागी असावीत, असे माझे मत आहे.

कमी पाण्याच्या बागेचा विचार नियमांच्या रूपात मांडला गेला तो अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा संस्थेकडून. १९८१ मध्ये तिथे ‘झेरिस्केप’ ही संज्ञा वापरात आली. आखणी, मातीची तयारी, योग्य झाडांची निवड, गरजेपुरतीच हिरवळ, काटेकोर सिंचन, आच्छादन आणि निगा ही तिची सात सूत्रे. या सात सूत्रांत पाणी तोडा असे कुठेही म्हटलेले नाही, याकडे मुद्दाम लक्ष वेधतो. लोक खडी पसरून तीन घायपाती लावतात आणि त्याला कोरडी बाग म्हणतात, तेव्हा या सूत्रांपैकी एकच उचललेले असते आणि तेही अर्धवट.

मातीची तयारी आणि सुरुवातीचे पाणी या दोन बाबतींत इतरांचा अनुभव वाचायला आवडेल.

रानवारा

पावसाच्या ऋतूचा मुद्दा पूर्ण पटला. मातीबद्दल लिहिते.

झाड निवडण्याआधी जमीन पाणी किती वेगाने पिते हे पाहावे, आणि त्यासाठी कुठलेही उपकरण लागत नाही. साधारण ३० सेंटिमीटर खोल व तेवढाच रुंद खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा, पाणी पूर्ण मुरू द्यावे, मग पुन्हा भरून पातळी तासाला किती उतरते ते पट्टीने मोजावे. दुसऱ्यांदा भरणे महत्त्वाचे आहे, कारण कोरडी माती पहिले पाणी घाईने पिते आणि त्यावरून चुकीचा अंदाज येतो. तासाला २ ते ५ सेंटिमीटर उतरत असेल तर बहुतेक झाडांना ती जमीन चालते. पाणी दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात उभे असेल तर कोरड्या डोंगरउतारावरची झाडे तिथे लावू नयेत, किंवा मातीचा उंचवटा करून त्यावर लावावीत.

दुसरी गोष्ट खड्डा भरण्याची. शेणखत आणि पोयट्याने खड्डा गच्च भरण्याची सवय आपल्याला फळझाडांवरून लागलेली आहे. चिकण जमिनीत असा खड्डा केला की भोवतालच्या घट्ट मातीतून पाणी निघत नाही आणि ते खड्ड्यात साचून राहते. मुळेही त्या मऊ भागातच घुटमळतात आणि बाहेरच्या जमिनीत शिरायला उशीर करतात. कोरड्या प्रदेशातील स्थानिक झाडांसाठी खड्डा मुळांच्या गोळ्याइतकाच खोल, पण त्याच्या दोन-तीन पट रुंद घ्यावा, बाजूच्या भिंती खरवडून खडबडीत कराव्यात आणि जी माती निघाली तीच परत भरावी. खताबाबत तर काही कुळे फारच नाजूक असतात. बँक्सिया, ग्रेव्हिलिया यांसारखी प्रोटियाच्या कुळातील झाडे स्फुरद (फॉस्फरस) अत्यंत कमी असलेल्या जमिनीत घडली आहेत, त्यामुळे नेहमीच्या मात्रेतील स्फुरदही त्यांच्यातील अनेक जातींना विषासमान ठरते.

याला एक अपवाद आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात बेथ चॅटो यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटारी उभ्या करण्याच्या जुन्या जागेवर खडीची बाग केली आणि लागवड रुजल्यानंतर तिला पाणी द्यायचे नाही असे ठरवले. वाळू-खडीची ती जमीन चाकांखाली दबून गेली होती. त्यांनी आधी ती सगळी खोल मोकळी केली आणि तिच्यात सेंद्रिय खत मिसळले. इथे फरक असा की सुधारणा संपूर्ण वाफ्याची झाली, एकेका खड्ड्याची नव्हे. शिवाय जमीन मुळात निचऱ्याची होती.

जमीन वाचण्याचे सर्वांत सुंदर उदाहरण माझ्या मते जोधपूरच्या राव जोधा डेझर्ट रॉक पार्कचे आहे. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याच्या खडकाळ जागेत वेडी बाभूळ माजली होती. २००६ मध्ये ती काढून थारची स्थानिक झाडे लावण्याचे काम सुरू झाले. वेडी बाभूळ नुसती तोडली तर बुंध्यापासून पुन्हा फुटते, म्हणून मूळच काढणे भाग होते, आणि ते मूळ खडकाच्या भेगेत रुतलेले. हे काम दगडाच्या खाणींत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या खंडवालियांनी केले. ते हातोडीने खडक ठोकत आणि येणाऱ्या आवाजावरून दगड कुठे भेगाळलेला आहे ते ओळखून नेमके तिथे फोडत. मुळे निघाल्यावर जे खड्डे उरले त्यांतच काटेरी थोरासारखी त्या खडकाची मूळची झाडे लावली गेली. जिथे वेडी बाभूळ रुजू शकली होती तिथे भेग आणि ओल असणारच, हा त्यामागचा हिशेब होता.

पानगळ

मी नव्यानेच घराभोवतीची जागा आखायला घेतली आहे. स्थानिक झाडांना पाणी द्यावे लागत नाही असे ऐकल्यामुळे ठिबकच्या नळ्या न टाकण्याचा विचार होता. तो बरोबर आहे का? आणि टाकायच्याच असतील तर किती वर्षांसाठी?

कोरडवाहू

पानगळ, नळ्या जरूर टाका, पण त्या एक दिवस काढायच्या आहेत या हिशेबाने टाका.

रानातले झाड पाण्याशिवाय जगते, कारण बी पडल्यापासून त्याचे मूळ ओलीमागे खाली गेलेले असते. ॲरिझोनातील टूसानजवळ एका खाणीच्या खोदकामात मेस्किट या वाळवंटी झाडाचे मूळ ५३ मीटर खोलीवर आढळल्याची नोंद १९६० मध्ये झाली आहे. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाकडे यातले काहीच नसते. त्याची सगळी मुळे पिशवीएवढ्या मातीत असतात, आणि भोवतालची जमीन ओली असली तरी तो गोळा एक-दोन कडक दिवसांत सुकू शकतो. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे पाणी त्या गोळ्यावरच पडले पाहिजे, आणि त्यानंतर ते हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकवले पाहिजे. ड्रिपर बुंध्यालाच चिकटून राहिला तर खोड कुजते आणि मुळांना पसरण्याचे कारणच उरत नाही. झाडाची ओल शोषणारी बारीक मुळे बुंध्याजवळ नसून पानांच्या घेराच्या कडेला आणि त्याही पलीकडे असतात.

पाणी देताना थोडे-थोडे रोज देण्यापेक्षा भरपूर देऊन मोठी विश्रांती द्यावी. लहान रोपे आणि जमिनीलगत पसरणाऱ्या जातींसाठी ३० सेंटिमीटर, झुडपांसाठी ६० आणि वृक्षांसाठी ९० सेंटिमीटर खोलीपर्यंत ओल पोहोचली पाहिजे, असा एक सोपा आडाखा वापरला जातो. ओल कुठवर गेली हे पाहण्यासाठी एक गुळगुळीत लोखंडी सळई पुरते. पाणी दिल्यानंतर ती हाताने दाबत जावी. ओल्या मातीत ती सहज उतरते आणि कोरडी माती लागताच अडते. थांबते तिथे बोट धरून सळई वर काढली की खोली कळते. खडकाळ जागी सळई दगडावरही अडते, म्हणून दोन-तीन ठिकाणी टोचून पाहावे.

रोजच्या हलक्या शिंपणीचा आणखी एक तोटा आहे. कोरड्या प्रदेशातील पाण्यात बहुधा क्षार असतात. वरच्यावर दिलेले पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि मुळांच्या थरातच साठतात. पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसू लागतात, मातीवर पांढरट पापुद्रा येतो आणि पाहणाऱ्याला वाटते की झाड तहानलेले आहे. खोल पाण्याने हे क्षार मुळांच्या खाली धुऊन जातात.

किती वर्षे या प्रश्नाला एकच उत्तर नाही. झुडपांना साधारण दोन वर्षे आणि वृक्षांना तीन ते पाच वर्षे आधार द्यावा लागतो. यात लागवडीच्या वेळेचा वाटा मोठा असतो. हिवाळी पावसाच्या प्रदेशात पहिल्या सरींच्या सुमारास, म्हणजे शरद ऋतूत, आणि उन्हाळी पावसाच्या प्रदेशात पावसाच्या तोंडावर किंवा तो नीट लागल्यावर लावलेले रोप पहिली मुळे फुकटच्या ओलीत धरते. रोप लहानच घ्यावे. मोठ्या पिशवीतले झाड पहिल्या वर्षी दिमाखदार दिसते, पण पिशवीत गोल-गोल फिरलेली मुळे पुढे त्याच वळणाने जाड होतात आणि कधी कधी बुंध्याला आवळतात.

खडकपाणी

सिंचनावर इतके बोलून झाल्यावर, नळी उघडण्याआधी जमिनीलाच आकार देण्याबद्दल बोलले पाहिजे.

१ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. १०० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटरची एक सर म्हणजे २,००० लिटर, आणि त्यातले थोडे वाया गेले तरी उरते ते पुष्कळ असते. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात अवदात येथे वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल एव्हेनारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नबातियन या प्राचीन लोकांच्या काळातील शेते पुन्हा उभी केली. वर्षाला सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या त्या जागी उतारावरून वाहून येणारे पाणी छोट्या बांधांनी खालच्या शेतात वळवून फळझाडे वाढवली गेली. एका वाट्याच्या शेताला वीस ते तीस वाटे उताराचे पाणी मिळत असे. बागेतही तत्त्व तेच आहे. छप्पर, फरसबंदी आणि गाडीवाट हे आपले उतार, आणि खोलगट वाफे ही आपली शेते.

टूसान शहरात रहिवाशांनी रस्त्याकडेच्या दगडी काठाला खाचा पाडून रस्त्यावरचे पाणी झाडांच्या आळ्यांत घेतले. आधी हे परवानगीविना चालत असे, पुढे शहराने त्याला रीतसर मान्यता दिली. २००८ मध्ये तिथल्या महापालिकेने नव्या व्यापारी इमारतींच्या बागेचे निम्मे पाणी पावसातून साठवलेले असावे असा नियमही केला.

असा वाफा करताना त्याच्या तळाचा उतार काढून टाकावा, म्हणजे पाणी एका कोपऱ्यात साचत नाही. पाणी एका दिवसात मुरले पाहिजे, आणि रानवारा यांनी सांगितलेली खड्ड्याची चाचणी इथेही उपयोगी पडते. जादा पाण्याला बाहेर पडायची ठरलेली वाट दगडांनी बांधून घ्यावी, नाहीतर पहिलाच मोठा पाऊस आपली वाट आपण काढतो. घराच्या पायापासून ३ मीटर तरी अंतर ठेवावे. झाडे मात्र सरसकट तळाशी लावू नयेत. तळाशी तात्पुरते बुडणे सोसणारी गवते, काठाच्या पायरीवर झुडपे व वृक्ष आणि वरच्या कोरड्या बांधावर कोरफड, घायपात, निवडुंग अशा जाती बसवल्या की एकाच सरीच्या पाण्यात तीन वेगवेगळ्या गरजा भागतात.

तृणांकुर

हिरवळीचा उल्लेख वर ओझरता आला आहे, पण पाण्याचा सगळ्यात मोठा ग्राहक तीच आहे. लास वेगासच्या परिसरात दक्षिण नेवाडाच्या जल प्राधिकरणाने केलेल्या दीर्घ अभ्यासात हिरवळीला वर्षाकाठी दर चौरस मीटरला सुमारे ३,००० लिटर, तर कोरड्या लागवडीला सुमारे ७०० लिटर पाणी लागल्याचे दिसले. २०२१ मध्ये नेवाडाने कायदाच केला. कुणी पायही ठेवत नाही अशा केवळ शोभेच्या हिरवळीला २०२७ पासून तिथे कोलोरॅडो नदीचे पाणी देता येणार नाही. घरगुती बागांना त्यातून वगळले आहे, पण दुभाजक आणि कार्यालयांपुढचे हिरवे पट्टे त्यात येतात. मुले खेळतात किंवा माणसे बसतात तिथे छोटी हिरवळ राहू द्यावी, यात मला काहीच वावगे वाटत नाही.

हिरवळ काढून मोकळ्या जागेत नुसती खडी पसरण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. उघडी खडी दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता सोडत राहते. तिच्याखाली प्लास्टिकचा कागद घातला तर पाणी व हवा दोन्ही अडतात, आणि वर धूळ साचली की तण त्या धुळीतच उगवते. लाकडाचा चुरा, पालापाचोळा आणि छाटणीचे तुकडे यांचे ५ ते १० सेंटिमीटरचे आच्छादन माती थंड ठेवते आणि कुजून तिचा पोत सुधारते.

रानवारा

तृणांकुर, प्लास्टिकबद्दल पूर्ण सहमत आहे, पण खडीला सरसकट बाद करू नये. निवडुंग, घायपात, लॅव्हेंडर यांच्या गळ्याशी ओलसर पालापाचोळा राहिला तर तो भाग सडतो. अशा झाडांभोवती धुतलेल्या खडीचा पट्टा लवकर सुकतो आणि तोच हितकारक असतो. रुंद पानांच्या झुडपांखाली व वृक्षांखाली सेंद्रिय आच्छादन, रसाळ आणि करड्या पानांच्या झाडांखाली खडी, अशी वाटणी मी करते. दोन्ही बाबतींत आच्छादन खोडापासून वीतभर दूर ठेवावे. थोडी जागा उघड्या मातीचीही सोडावी, कारण एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या बहुतेक जाती जमिनीत बिळे करून अंडी घालतात आणि जाड आच्छादनातून त्यांना वाट मिळत नाही.

पानगळ

खूप उपयोगी माहिती मिळते आहे. आणखी दोन शंका आहेत. कोरड्या महिन्यांत पाने गळालेली झाडे पाहून घरची माणसे नाराज होतात, त्यावर काय करावे? आणि लवकर वाढणारी, कशाही जमिनीत येणारी गवते व झाडे भराव म्हणून लावावीत का?

खडकपाणी

दुसरी शंका आधी घेतो, कारण तिथे झालेले नुकसान कुंपणाबाहेर जाते. कशाही जमिनीत येणारे, भरपूर बी धरणारे आणि वाऱ्याने किंवा गुरांच्या पोटातून पसरणारे झाड परक्या प्रदेशातून आलेले असेल तर त्यापासून दूर राहावे. वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडांतली. सावली, सरपण आणि वाळू रोखण्यासाठी ती आशिया-आफ्रिकेत नेली गेली आणि आज मोठमोठी कुरणे तिने गिळली आहेत. सोनोरन वाळवंटात चाऱ्यासाठी आणलेल्या बफेल गवताची कथा त्याहून वाईट आहे. एरवी तिथे झाडाझुडपांमध्ये उघडी जमीन असल्याने आग पसरत नसे. या गवताने त्या फटी वाळक्या चाऱ्याने भरून टाकल्या, आणि आगीची सवय नसलेले शतायुषी सग्वारो निवडुंग त्यात जळतात. शोभेसाठी लावले जाणारे फाउंटन गवतही अनेक कोरड्या प्रदेशांत असेच पसरले आहे. रोपवाटिकेत मिळते म्हणून ते निर्धोक आहे असे समजू नये. त्या जातीचे नाव आपल्या प्रदेशाच्या उपद्रवी वनस्पतींच्या यादीत आहे का, हे पाहूनच ते आणावे.

कोरडवाहू

पहिल्या शंकेला मी उत्तर देतो. पाने गाळणे हा झाडाचा दोष नसून पाणी वाचवण्याची त्याची रीत आहे, आणि आखणीने तिला सामावून घेता येते. खिडकीसमोर आणि प्रवेशाजवळ सदाहरित किंवा करड्या पानांच्या जाती ठेवाव्यात, पाने गाळणारी झाडे त्यांच्या मागे घ्यावीत. सोनोरातील पालो व्हर्दे झाड पाने गाळल्यावर आपल्या हिरव्या सालीने अन्न तयार करते, त्यामुळे ते निष्पर्ण असतानाही हिरवे दिसते. अशी साल, खोडाचा आकार आणि वाळलेल्या गवतांचा पिवळसर रंग यांनाही बागेचे घटक मानावे. पालो व्हर्देचा आणखी एक गुण आखणीत उचलण्यासारखा आहे. त्याच्या विरळ सावलीत सग्वारोची कोवळी रोपे ऊन आणि थंडी या दोन्हींपासून बचावतात. आपणही आधी विरळ सावलीचे झाड धरून, मग त्याच्या आडोशाला नाजूक जाती लावल्या तर मर कमी होते.

दोन झाडांमधले अंतर त्यांच्या पूर्ण वाढलेल्या घेरावरून ठरवावे. सुरुवातीला जागा रिकामी दिसते, पण दाट लावलेल्या बागेत प्रत्येक झाडाच्या वाट्याची ओल कमी होते, आणि मग कायमचे पाणी द्यावे लागते. रिकाम्या जागेत हंगामी रानफुलांचे बी टाकावे. काटेरी जाती पायवाटेपासून दूर असाव्यात.

आता ठिबक बंद करण्याबद्दल. एका दिवसात तोटी बंद करू नये. पाण्याचे प्रमाण तेच ठेवून दोन पाळ्यांमधले अंतर वाढवत न्यावे आणि दर वेळी सकाळी झाड पाहावे. कडक दुपारी पाने मलूल होणे स्वाभाविक आहे, पण पहाटेही ती सावरलेली नसतील तर पाणी द्यावे आणि अंतर थोडे मागे आणावे. सलग एक पूर्ण कोरडा हंगाम नवी फूट टिकवून पार पडला की त्या झाडाची नळी काढावी. ती गुंडाळून ठेवावी, कारण लागोपाठ दोन वर्षे पाऊस हुकला तर स्थानिक झाडालाही महिन्यातून एकदा खोल पाणी द्यावे लागते.

पानगळ

आभारी आहे. सळई आणि पट्टी घेऊन आधी तीन ठिकाणी खड्डे भरून पाहतो आणि मोजमापे इथेच लिहितो. झाडांची नावे त्यानंतर विचारीन.

रानवारा

मोजमापांबरोबर पावसाचे महिने आणि हिवाळ्यातले सर्वांत कमी तापमानही लिहा. जमीन चुनखडीची आहे का हेही पाहून ठेवा. मातीच्या ढेकळावर थोडे व्हिनेगर टाकावे, आणि फेस आला तर चुना आहे असे समजावे. चुनखडीच्या जमिनीत अनेक झाडांना लोह मिळत नाही आणि शिरा हिरव्या ठेवून पाने पिवळी पडतात, त्यामुळे तिथली निवड वेगळी करावी लागेल.